यादवींतील घरचें पत्र : सिसेरोचीं कन्येस लिहिलेलीं दोन पत्रें व आपलीं दफ्तरें

मराठ्यांच्या इतिहाससाधनांत अस्सल पत्राचें स्थान बखरीच्या वर आहे, हा सिद्धांत कै. वि. का. राजवाडे यांनीं इ. स. १८९८ मध्यें आपल्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध करतांना हिरीरीनें मांडला, आणि तेव्हांपासून आपल्या इकडील संशोधनाचा तो पायाच होऊन बसला आहे. त्याचें कारणहि उघड आहे. बखरकारास शेवट ठाऊक असतो. पत्र लिहिणारास तो ठाऊक नसतो. बखरकार पानिपताच्या वाटेवरील प्रत्येक मुक्काम पानिपताच्या छायेंत पाहतो. त्याच वाटेवरून पत्र धाडणारास उद्यांच्या मुक्कामीं दाणावैरण मिळेल कीं नाहीं एवढीच विवंचना असते. परंतु हा सिद्धांत मान्य होऊनहि संपादनाच्या व्यवहारांत एक निराळीच प्रतवारी रूढ झाली. राजकारणी पत्र तें अव्वल, हिशेबी कागद तो दुय्यम, आणि घरच्या बायकामाणसांस लिहिलेला कागद तो ‘निव्वळ घरगुती’ म्हणून बासनाच्या तळाशीं. ही प्रतवारी निदान यादवीच्या काळापुरती तरी उलटी केली पाहिजे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे, व तें येथें एका परदेशीय उदाहरणावरून आणि त्यास आपल्याकडील जोड देऊन मांडावयाचें आहे.

परचक्र आणि यादवी यांत एक महत्त्वाचा भेद आहे. परचक्रांत शत्रु सीमेपलीकडचा असतो व घर सगळें एका बाजूस असतें. यादवींत सीमा घरांतून जाते. आपल्या भाषेनें या युद्धास जें नांव दिलें तेंच पाहावें: एकाच कुळांतील माणसें एकमेकांच्या हातून नाश पावलीं त्या प्रभासक्षेत्रींच्या कथेवरून तें आलें आहे. आणि कुळांकुळांतील सोयरिकी ज्या लेकींनीं जोडलेल्या असतात, त्यांच्याच ठिकाणीं ही सीमा सर्वांत ठळक उमटते. माहेर एका पक्षाकडे, सासर दुसऱ्या पक्षाकडे, आणि मध्यें मुलगी. अशा वेळीं बापानें लेकीस लिहिलेलें पत्र हें दोन छावण्यांच्या नेमक्या मधल्या जागेवर लिहिलेलें पत्र असतें. सेनापतीच्या पत्रांत एकच बाजू दिसते. या पत्रांत दोन्ही दिसतात.

याचें अत्यंत निर्मळ उदाहरण रोमच्या इतिहासांत आहे. तेथवर जाण्याचें कारण इतकेंच कीं, त्याच आठवड्यांत त्याच माणसानें कुटुंबास लिहिलेलें पत्र आणि जिवलग मित्रास लिहिलेलें पत्र, अशीं दोन्ही उपलब्ध असणें प्राचीन इतिहासांत फार विरळा. आणि साधनांची चिकित्सा करावयाची तर असा जोडसंच हातीं लागणें हें भाग्यच म्हटलें पाहिजे.

ख्रि. पू. ४९ च्या जानेवारींत सीझर आपल्या सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडून इटलींत उतरला. १७ तारखेस पाँपीनें रोम सोडलें. दुसऱ्या दिवशीं उजाडण्यापूर्वीं प्रख्यात वक्ता व माजी कॉन्सल सिसेरो हाहि नगराबाहेर पडला. कँपानियाच्या किनाऱ्याची देखरेख त्याजकडे आली होती. त्याची पत्नी टेरेन्शिया व कन्या टुलिया या मात्र रोममध्येंच राहिल्या. टुलिया त्या वेळीं तिशीच्या आंतबाहेर असून गरोदर होती. तिचा तिसरा विवाह आदल्याच वर्षीं डोलाबेला नामक तरुणाशीं झाला होता. तो संबंध मायलेकींनीं, सिसेरो सिलिसिया प्रांताच्या सुभेदारीवर दूर असतां, त्याचें उत्तर येण्याची वाट न पाहतां ठरविला होता. हा डोलाबेला आतां सीझरच्या पक्षांत होता. म्हणजे बाप एका बाजूस, जांवई दुसऱ्या बाजूस, आणि लेक त्या नगरांत कीं ज्यावर जांवयाचा धनी चालून येत होता.

याच आठवड्यांत सिसेरोनें पत्नी व कन्या यांस मिळून दोन पत्रें लिहिलीं. एक फॉर्मिआ येथून, दुसरें त्याच किनाऱ्यावरील मिंटुर्नी येथून. हस्तलिखितांतील तारखा व पुढील संपादकांनीं सुचविलेल्या तारखा यांत एकदोन दिवसांचें अंतर पडतें. परंतु दोन पत्रांमध्यें एकाच दिवसाचें अंतर आहे ही गोष्ट उभय पक्षीं कायम राहते, आणि आपल्या कामास तेवढी पुरेशी आहे.

पहिल्या पत्राचा आशय असा. तुम्हीं रोममध्यें राहावें, मजकडे यावें, कीं अन्यत्र कोठें सुरक्षित जागीं जावें, याचा पुन:पुन्हां विचार करा. हा निर्णय माझ्या एकट्याचा नाहीं, तुमचाहि आहे. डोलाबेलाच्या आधारानें तुम्हांस रोममध्यें निर्धास्त राहतां येईल, आणि उद्यां लुटालूट झालीच तर तो आधार आपल्या घरासहि उपयोगी पडेल. परंतु भल्या घराण्यांतील पुरुष आपल्या स्त्रियांसह नगर सोडून गेले आहेत, हें पाहून मन डळमळतें. तुमच्या बरोबरीच्या इतर स्त्रिया काय करतात तें पाहा. निघावेंसें वाटेल तेव्हां निघतां येईल अशी वाट मोकळी ठेवा. कारभारी फिलोटिमस यास सांगून वाड्याचा बंदोबस्त करवा. विश्वासू जासूद नेमून रोज एक पत्र येईल असें करा. सर्वांत आधीं प्रकृतीस जपा.

दुसऱ्या दिवशींच्या पत्रांत सूर बदलला आहे. सीझर मर्यादेनें नगरांत येणार असेल तर घरीं राहणें ठीक. परंतु त्यानें नगर लुटीस मोकळें सोडलें तर डोलाबेलाहि आपणांस वांचवूं शकेल कीं नाहीं, याची आतां शंका वाटते. मधली वाट तुटून तुम्हांस इच्छा असूनहि निघतां येणार नाहीं, ही दुसरी भीति. नगरांत लवकरच अन्नान्नदशा होईल, ही तिसरी. मित्रांस विचारा व धीर धरा. आणि शेवटीं दोन आशेच्या बातम्या: सीझरचा सेनानी लॅबिएनस त्यास सोडून आपल्याकडे आला, आणि पिसोनेंहि नगर सोडून सीझरच्या कृत्याचा निषेध केला.

या पत्रांवर आजवर दोन प्रकारचे अभिप्राय दिले जातात. जर्मन इतिहासकार मॉमसेन यानें सिसेरोस धरसोडीचा व आंखूड दृष्टीचा मुत्सद्दी ठरविलें. त्या मताचे लोक या पत्रांतहि तीच धरसोड पाहतात. बायकामुलांस शत्रूच्या वाटेवर ठेवून स्वत: आधीं बाहेर पडणारा, आणि मग निर्णय त्यांच्याच गळ्यांत घालणारा! उलट पक्षीं, कोमल पितृहृदयाचा नमुना म्हणून हींच पत्रें कौतुकानें वाचणारेहि पुष्कळ आहेत. हे दोन्ही अभिप्राय मनुष्याविषयीं आहेत, कागदाविषयीं नाहींत. इतिहाससाधनाची परीक्षा लेखकाच्या स्वभावावरून न करतां, त्या कागदांतून दुसरीकडे न मिळणारें असें काय मिळतें यावरून केली पाहिजे.

या दृष्टीनें पाहतां तीन गोष्टी हातीं लागतात. पहिली, जांवयाचें स्थान. राज्याच्या इतिहासांत डोलाबेला हा सीझरचा एक अनुयायी, इतकेंच. घरच्या पत्रांत तो विरुद्ध छावणींत असलेला घरचा जामीन आहे. मोठीं घराणीं यादवींत कशीं तगतात याचें हें सूत्रच आहे: सोयरिकी दोन्हीकडे असाव्यात, म्हणजे कोणीहि जिंकला तरी एक हात वर राहतो. असें कोणी इतिहासग्रंथांत लिहून ठेवीत नाहीं. तें लेकीस सुचविलें जातें. आणि या जामिनावरील विश्वास एका दिवसांत किती उतरला, हें दोन पत्रें शेजारीं ठेवल्यानेंच कळतें. एकच पत्र शिल्लक राहिलें असतें तर आपण त्यावरून सिसेरोचें ‘मत’ ठरवून मोकळे झालों असतों.

दुसरी गोष्ट, लौकिकाचा प्रश्न. बरोबरीच्या स्त्रिया काय करतात तें पाहा, ही सूचना दोन्ही पत्रांत आहे. ती वरवर पाहतां प्रतिष्ठेच्या हौसेची वाटते. परंतु याच दिवसांत सिसेरोनें अॅटिकस या मित्रास लिहिलेलीं पत्रें ताडून पाहिलीं म्हणजे तिचा खरा अर्थ उलगडतो. तेथेंहि तो हाच प्रश्न विचारतो कीं, इतर घरंदाज स्त्रिया नगर सोडून गेल्या असतां माझ्या घरच्यांनीं मागें राहणें मला शोभेल काय? पाँपीचा पक्ष घेणाऱ्या माणसाच्या स्त्रिया रोममध्यें राहिल्या तर त्याचा एक पाय सीझरकडे आहे असें लोक म्हणणार! बायकामुलें कोठें आहेत यावरून पुरुषाचा पक्ष ओळखला जातो, हा यादवीचा अलिखित कायदा आहे. त्याच मित्रास तो हेंहि कळवितो कीं, रानटी फौजा नगरावर येणार हें मनांत आलें कीं सगळ्याचें भय वाटतें, आणि डोलाबेला आठवला कीं थोडा श्वास मिळतो. घरच्या पत्रांत जी सल्लामसलत दिसते तिच्या मागचें भय मित्राच्या पत्रांत उघडें होतें. दोहोंपैकीं कोणतेंहि एक टाकलें तर दुसरें लंगडें पडतें.

तिसरी गोष्ट पिसोची. पिसो हा सीझरचा सासरा. त्याची कन्या कॅल्पर्निया ही सीझरची पत्नी. त्या सासऱ्यानें जांवयाचा जाहीर निषेध केला, ही बातमी सिसेरो आनंदानें लिहितो. आणि लिहितो कोणास? जिचा पति त्याच सीझरच्या छावणींत आहे अशा आपल्या कन्येस. ही बातमी वाचून टुलियेस धीर आला असेल कीं दुसरेंच कांहीं वाटलें असेल, हा प्रश्न वाचकाच्या मनांत उभा राहतो, आणि तेथेंच या पत्रसंग्रहाचें न्यून दिसतें. टुलियेचें एकहि पत्र शिल्लक नाहीं. सिसेरोच्या पत्रांपैकीं सोळा भागांचा जो संग्रह ‘आप्तमित्रांस पत्रें’ म्हणून चालत आला, त्यांतील चौदावा भाग घरच्यांस लिहिलेल्या पत्रांचा आहे. परंतु त्यांत घरच्यांकडून आलेलें कांहीं नाहीं. बापाचीं पत्रें साहित्य म्हणून जपलीं गेलीं; लेकीचीं पत्रें घरगुती म्हणून गेलीं. तिचा आवाज ऐकूं येतो तो बापानें मित्रास सांगितला म्हणून: स्पेनमधील युद्धाचा निकाल लागेपर्यंत थांबावें, असें ती त्यास मे महिन्यांत विनवीत होती. हा सल्ला शहाणपणाचा होता. त्याच महिन्याच्या १९ तारखेस तिला सातव्या महिन्यांतच अशक्त मुलगा झाला. आणि ७ जूनला बाप जहाजांत बसून पाँपीकडे निघाला.

पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. मायलेकी २ फेब्रुवारीस फॉर्मिआ येथें येऊन पोंचल्या. सीझर रोममध्यें आला, पण लूट झाली नाहीं. त्यानें सॅटर्नच्या देवळांतील सरकारी खजिना मात्र उघडला. लॅबिएनसच्या येण्यानें पाँपीचें पारडें जड झालें नाहीं. डोलाबेलाशीं टुलियेचा संबंध ख्रि. पू. ४६ मध्यें तुटला, आणि ४५ च्या फेब्रुवारींत ती वारली. म्हणजे या दोन पत्रांतील बहुतेक भाकितें चुकलीं. बखरकारानें तीं सुधारून लिहिलीं असतीं. परंतु चुकलेलीं भाकितें जशींच्या तशीं राहिलीं हेंच या कागदाचें मोल आहे. कारण त्या आठवड्यांत रोमच्या एका वाड्यांत कशाचें भय होतें आणि कशाची आशा होती, हें त्यांवरूनच समजतें. इ. स. १३४५ मध्यें इटालियन कवि पेट्रार्क यास व्हेरोना येथें सिसेरोचीं अॅटिकस यास लिहिलेलीं पत्रें सांपडलीं, तेव्हां आपल्या आदर्श पुरुषाची डळमळ पाहून तो खिन्न झाला. इतिहासाच्या अभ्यासकास खिन्न होण्याचें कारण नाहीं. डळमळ हीच तेथें वस्तुस्थिति होती.

आतां आपल्याकडे वळूं. मराठेशाहींत याच्या अगदीं जवळ जाणारी जोड म्हणजे सुभेदार मल्हारराव होळकर यांनीं अहल्याबाईंस लिहिलेलीं पत्रें. नात्यानें ती सून, परंतु इ. स. १७५४ मध्यें कुंभेरीच्या वेढ्यांत खंडेराव पडल्यावर मल्हाररावांनीं तिला लेकीच्या ठिकाणीं मानून दौलतीच्या कामांत घातलें. इ. स. १७६५ मधील त्यांच्या एका प्रसिद्ध पत्रांत चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जाण्याची, मोठा तोफखाना तेथें ठेवण्याची, त्याच्या महिनाभराच्या खर्चाची तरतूद करण्याची आणि वाटेवर चौक्या बसविण्याची आज्ञा आहे. सिसेरोच्या पत्राशीं ताडून पाहतां भेद लगेच दिसतो. रोमन बाप निर्णय लेकीवर सोपवितो, पण त्या निर्णयाचीं साधनें तिच्या हातीं फारशीं नाहींत. एक कारभारी, कांहीं जासूद, आणि जांवयाचा भरंवसा. मराठा सासरा निर्णय स्वत: घेतो, पण साधनें सगळीं सुनेच्या हातीं देतो, तोफा, दारूगोळा, पैसा, रस्ता.

या पत्राचें महत्त्व दोन वर्षांनीं कळलें. २० मे १७६६ रोजीं आलमपूर येथें मल्हारराव वारले. १७६७ मध्यें अहल्याबाईंचा एकुलता मुलगा मालेराव वारला, आणि गंगाधर यशवंत चंद्रचूड यांच्या चिथावणीनें राघोबादादा होळकरांची दौलत हस्तगत करण्याच्या इराद्यानें इंदुराकडे वळले. मराठ्यांची फौज मराठ्यांच्याच नगरावर येऊं घातली होती. या वेळीं पत्र लिहिणारें वडील माणूस राहिलें नव्हतें. अहल्याबाईंनीं स्वत:च सरदारांस पत्रें पाठविलीं, फौज सिद्ध केली. माधवराव पेशव्यांनीं त्यांची बाजू घेतली, आणि प्रसंग रक्तपाताशिवाय टळला. या प्रसंगाचें वर्णन करतांना बहुतेक चरित्रकार अहल्याबाईंनीं दादासाहेबांस दिलेल्या तिखट उत्तराची आख्यायिका रंगवून सांगतात. आख्यायिका म्हणून ती गोड आहे. परंतु एका विधवा स्त्रीनें पेशव्यांच्या चुलत्यास कसें थोपविलें, याचें कारण उत्तराच्या तिखटपणांत शोधण्यापेक्षां १७६५ च्या त्या रुक्ष पत्रांत शोधणें अधिक सयुक्तिक होय. जिनें महिनाभराच्या खर्चासह तोफखाना हलविला होता, तिची युद्धाची तयारी पोकळ नाहीं, हें समोरच्यास ठाऊक होतें. आख्यायिका धैर्य सांगते. घरचें पत्र त्या धैर्याचा पाया दाखवितें.

टळलेल्या यादवीनंतर न टळलेली पाहूं, म्हणजे आपण थेट खानदेशांत येतों. एप्रिल १८०१ मध्यें पुण्यांत विठोजी होळकरास हत्तीच्या पायीं दिलें. त्याचा भाऊ यशवंतराव फौज घेऊन दक्षिणेस उतरला तो खानदेशांतून. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं, ऐन दिवाळींत, हडपसरपाशीं त्यानें पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा मोड केला. बाजीराव सिंहगडावरून कोंकणांत व तेथून वसईस गेला, आणि ३१ डिसेंबरास वसईचा तह होऊन स्वराज्याचें स्वातंत्र्य संपल्यासारखेंच झालें. यशवंतरावानेंहि आरंभीं नगराची लूट होऊं दिली नाहीं. पुढें मात्र पैशासाठीं पुणेंकरांवर जबर वसुली बसविली. सीझर आणि होळकर यांची अन्य तुलना करण्याचा येथें हेतु नाहीं; परंतु जेत्याची पहिली मर्यादा आणि मग उघडलेली तिजोरी, हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे. सिसेरोस जी तिसरी भीति वाटत होती, ती उपासमारीची, ती मात्र रोमपेक्षां आमच्याकडेच अक्षरश: खरी ठरली. १८०२ मध्यें फौजांनीं तुडविलेल्या खानदेशावर १८०३–०४ चा दुष्काळ आला, आणि गांवेंच्या गांवें ओस पडलीं. १८१८ मध्यें इंग्रजी अंमल बसून कॅप्टन ब्रिग्ज कारभारास आला, तेव्हां त्याच्या हातीं आला तो उजाड मुलूख. सुरत–बऱ्हाणपूर या जुन्या राजमार्गावरील नंदुरबारासारख्या गांवांस ज्या वाटेनें व्यापार येई त्याच वाटेनें फौजाहि येत. भरभराट आणि उद्ध्वस्तता यांची वेस एकच.

या काळाचा इतिहास आपण आजवर पुणें, इंदूर व ग्वाल्हेर येथील दरबारी कागदांवरून लिहिला आहे. त्यांत फौजांचे मुक्काम मिळतात, खंडणीचे आंकडे मिळतात. लेक माहेरीं आणावी कीं सासरींच ठेवावी, दागिने कोठें पुरावे, बियाणें राखावें कीं खावें, गुजरातेंतील सोयऱ्यांकडे केव्हां निघावें, हे निर्णय तेथें मिळावयाचे नाहींत. आणि मुलूख ओस पडला म्हणजे याच निर्णयांची बेरीज झाली. ते मिळाले तर जुन्या वतनदारांच्या वाड्यांतून, कुळकर्ण्यांच्या घरांतून, सावकारांच्या पेढ्यांतून आणि पाटलांच्या माळ्यांवरून मिळतील.

१ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यापासून निराळा होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वांत आला. त्याच्या नंदुरबार, शहादें, तळोदें, नवापूर, अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांत साधनसंशोधन करणारांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. एक, बासन सोडतांना कागदांचा मूळ क्रम मोडूं नये. कारण सिसेरोच्या दोन पत्रांत जो अर्थ आहे तो त्यांच्या शेजारपणांत आहे. दोन, ज्या पत्रांत ‘विशेष कांहीं नाहीं’ असें प्रथमदर्शनीं वाटेल, त्यांचीहि तारीखवार टिपणी करावी, व त्यांत धान्य, दागिने, जासूद आणि माहेर–सासर यांचे जे उल्लेख असतील ते आवर्जून नोंदवावे. तीन, स्त्रियांनीं लिहिलेलीं किंवा लिहविलेलीं उत्तरें दिसतांच तीं निराळीं सुरक्षित ठेवावीं. बापाचें पत्र जपलें जातें आणि लेकीचें हरवतें, हा दोन हजार वर्षांपूर्वींचा अन्याय निदान आपल्या दफ्तरांत तरी पुन्हां होऊं नये.

यादवींत कोण जिंकला हें दरबारी कागद सांगतात. ती दारापाशीं आली तेव्हां घर कसें हललें, हें केवळ घरचाच कागद सांगूं शकतो. आणि वाळवीस दोन्ही कागद सारखेच.